तुझ्या पुस्तकातली अर्धी सुलू

बिबवेवाडी, पुणे
रविवार, दुपार

प्रिय दिगू,

आईचे गुडघे आता कसे आहेत? तिथे जिने नसावेत अशी आशा आहे. अप्पांचा खोकला थांबला का? आणि ह्यांना माझा निरोप दे, विडी सुटली नसेल तर निदान अप्पांसमोर ओढू नका म्हणावं, जावई असलात म्हणून काय झालं! आणि तू कसा आहेस? शेवटी शेवटी तुला श्वास पुरत नव्हता, बोलता बोलता वाक्य तसंच सोडून द्यायचास. आता पुरतो का रे?

इकडचं म्हणशील तर तुझ्या नलिनीचं बीपी गोळीवर टिकून आहे. वारज्याच्या फ्लॅटमध्ये तिला एकटीला करमेना, म्हणून ती अश्विनीकडे राहायला गेली. तुझी अश्विनी ठणठणीत आहे. कंपनीची बस सकाळी तिला उचलते आणि अंधार पडल्यावर आणून टाकते, रविवारी तेवढी माणसांत असते. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यामुळे आता घरातली धूळसुद्धा स्वच्छ दिसते. सुलू बरी आहे. म्हणजे तब्येतीने बरी आहे. तिच्यासाठीच हे पत्र लिहायला बसले आहे.

ती गिरणीवर दळण घेऊन गेली आहे. तिला एक तास लागतो, कारण आपला डबा दळताना ती समोर उभी राहते. तेवढ्या वेळात लिहून संपवायचं आहे.

तुझं वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं. त्या दिवशी तुझं पुस्तक मराठीत निघणार आहे. तुझ्या एका विद्यार्थिनीने भाषांतर केलं, अश्विनीने सगळी धावपळ केली. मागच्या महिन्यात ती छापलेल्या कागदांचे गठ्ठे घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, बाकीच्या प्रती प्रेस बांधेल, पण पहिल्या पंचवीस तुझ्याच हातच्या हव्यात. बाबांना आवडलं असतं."

मी म्हटलं, "अगं, बांधणीची शेड भाड्याने देऊन झाली. आता माझ्याकडे घडी दाबायची पट्टी आणि सुई उरलीय."

"तेवढं पुरे आहे की!"

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आता प्रबंध पेनड्राइव्हवर जातात, नाहीतर नाक्यावर प्लास्टिकची स्प्रिंग अडकवून मिळते. खळ कालवून मला वर्षं झाली होती. पुस्तक तुझं, आणि तेही मराठीत! तू आयुष्यभर काय लिहीत होतास ते सातवी पास बहिणीला आता तरी वाचता येणार होतं.

तुला आठवतं ना, तुझा मूळ प्रबंधही मीच बांधला होता? पुण्यात तेव्हा नुकते कुठे कॉम्प्युटरवर प्रबंध टाइप व्हायला लागले होते. तू गठ्ठा छातीशी धरून रिक्षातून उतरलास. "अक्का, बांधणी दुसऱ्या कुणाची नको." काळं रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. ती पितळी अक्षरं मी उलटीकडून जुळवायची, त्यामुळे इंग्रजी मला उलटं ओळखता यायचं, सुलटं नाही. यावर तू किती हसायचास! आपल्या धंद्यात तसंही बांधणारा वाचत नाही. वाचत बसला तर डिलिव्हरी कशी व्हायची? पानं क्रमाने आहेत ना, वाकडी नाहीत ना, एवढं पाहायचं. आत काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याने बघून घ्यावं.

तीच चूक झाली बघ माझी.

पाच प्रतींची पानं सुलूने जुळवली होती. म्हणजे ते पान तिच्या अंगठ्याखालून पाच वेळा गेलं. तू समोर स्टुलावर बसून चहा पीत होतास. तुला तेव्हा ते पान मागे घ्यावंसं कसं वाटलं नाही?

आता मराठीचं सांगते. सुलूचं वाचन तुला माहीत आहे, मराठी कागद हाती आला की घडी घालता घालता ती वाचते. लग्नपत्रिका असो, सोसायटीचा अहवाल असो. मंगळवारी सकाळी ती एक कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. मी मेथी निवडत होते.

"आई, यातली 'क' म्हणजे मी."

मी चष्मा लावला. तू लिहिलं होतंस, क ही चौदा वर्षांची मुलगी. आजीचं प्रेत घरात असताना ती शांतपणे कागदांच्या घड्या घालत बसली. शेजारी रडणाऱ्या एका नातेवाइकाला तिने एवढंच सांगितलं, की कागद ओला होतोय. तिला नियम समजतात, पण दुसऱ्याला मन असतं हे तिला उमगत नाही. मग तिच्या वागण्यातल्या चांगुलपणाला चांगुलपणा म्हणावं, की नुसती शिस्त?

पुढची अठरा पानं याच प्रश्नावर आहेत. मी सगळी वाचली. तिथे विद्वान माणसं एकमेकांना उत्तरं देतात आणि सुलू मधे टेबलावर पडलेली असते, दवाखान्यात असतात तशी.

मेथी तशीच राहिली.

आजी गेली तेव्हाचंच आहे ना, असं सुलूने विचारलं. मी हो म्हटलं.

ती म्हणाली, "अर्धं आहे. भाषांतर करणाऱ्या बाईंकडून पुढचं पान गळलं. मामाने लिहिलेलं असणार."

आणि मी काय म्हणाले असेन, दिगू? मी म्हणाले, "हो, गळलं असेल."

पोरीशी मी आजवर खोटं बोलले नव्हते. तिच्याशी खोटं बोलायचीच सोय नाही ना, ती शब्द जसाच्या तसा उचलते. त्या दिवशी बोलले. कुणासाठी? तुझ्यासाठी!

आता आपण दोघंच आहोत, तर तो दिवस मला नीट सांगू दे. विसरला असशील तर आठवेल.

आई पहाटे गेली. आदल्या दिवशी तिने एका मुलीच्या प्रबंधाच्या कागदांना घड्या घालायला घेतल्या होत्या, निम्म्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला तो विद्यापीठात द्यायचा होता. माणसं जमली, रडारड सुरू झाली, आणि सुलू शेडमध्ये जाऊन आईच्या पाटावर बसली. आईची बांबूची पट्टी घेतली आणि आईसारख्याच घड्या घालू लागली, आधी लांबीत, मग रुंदीत. तिची स्वतःची पद्धत उलटी होती. मी विचारलं तर म्हणाली, "आजीचा गठ्ठा आहे. आजीसारखाच पुरा व्हायला हवा."

हे मी तुला तिथेच, दारात उभ्याने सांगितलं होतं. मग तू आत गेलास, तिच्याशेजारी फरशीवर बसलास आणि घड्या घालू लागलास. तुझे डोळे गळत होते. ती म्हणाली, "मामा, कागद ओला होतोय."

आणि त्यापुढे काय म्हणाली ते सांगतोस का आता?

म्हणाली, "रद्दीतले घे. त्यांच्यावर रडलास तरी चालतं."

आणि उठून तिने रद्दीचे कागद आणून तुझ्या मांडीवर ठेवले. तू अर्धा तास रद्दीच्या घड्या घालत रडलास. मी दारातून पाहिलं. बाहेर शेजारच्या मावशी म्हणाल्या होत्या, "पोरीला काळीजच नाही बाई," तर तू तसाच ओल्या डोळ्यांनी बाहेर आलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "माझ्या भाचीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही गप्प बसा."

मला तेव्हा वाटलं होतं, नवरा गेला, आई गेली, पण भाऊ आहे. सुलूला मामा आहे, माझ्यामागेही.

मग दोन-तीन वर्षांनी त्याच मावशींचं वाक्य तू इंग्रजीत लिहिलंस. त्यावर डॉक्टर झालास. आणि त्यावर सोन्याचं पाणी चढवलं ते मी!

तो "एक नातेवाईक" कोण रे? नाव सांगायला लाज वाटली का? तिला क केलंस ते समजू शकते, नाव लपवलंस म्हणेन. पण स्वतःला नातेवाईक? तिचा मामा लिहिलं असतंस तर वाचणाऱ्याने विचारलं असतं, मामा रडत होता तर फरशीवर तिच्याचजवळ का जाऊन बसला? घरात इतकी माणसं होती, बायको होती, बहीण होती.

मी अश्विनीला फोन केला. आवाज चढला माझा. ती बिचारी ऑफिसातून जिन्यात येऊन बोलत होती.

"आत्या, तेव्हा सगळेच असं लिहायचे गं. फिलॉसॉफीत उदाहरण म्हणजे फक्त उदाहरण असतं. त्यातलं माणूस खरं आहे का, हे कुणी विचारत नाही."

"मग त्यांनी खोटी माणसं तयार करावीत की! आमचीच कशाला लागतात?"

ती मग म्हणाली, "आता बदललंय. ऑटिझम असलेली माणसं आता स्वतःच लिहितात. मेंदूची घडण वेगवेगळी असते, त्यातली ही एक, असं म्हणतात. त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत, मग कमी एकट्या त्यांच्यातच कशी, असं विचारतात. बाबांच्या पुस्तकावर त्या बाजूने टीकाही झाली होती."

"तुझ्या बाबांनी वाचली का ती?"

"माहीत नाही, आत्या."

दोघांनाही एकमेकांचं कळत नाही, हे समजायला एवढे प्रबंध लागले होय! बिबवेवाडीतल्या कुठल्याही सासूला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तो हाच. तुझा कळसा तर आमच्याच घरी जेवत होता.

रागावू नकोस. नाही, रागाव! मी रागावले आहे तर तूही थोडा रागाव.

तुला विसरता येईल, पण मी कसं विसरू? सुलूला "ऑटिझम" हा शब्द तूच आणून दिलास. डॉक्टरांनी मतिमंद म्हणून चिठ्ठी दिली होती, सासरचे माझ्या ग्रहांना दोष देत होते. तू लायब्ररीत महिनाभर बसून वाचलंस आणि एका संध्याकाळी माझ्या ओट्याजवळ उभा राहून म्हणालास, "अक्का, ही वेगळी आहे. कमी नाही. आणि तुझी काही चूक नाही." त्या रात्री मी सात वर्षांनी पहिल्यांदा पोटभर जेवले. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात असंही तू सांगितलंस आणि तूच नाक मुरडलंस, की स्वतःत मग्न कुठे आहे ही, ही तर कागदात मग्न आहे!

दर महिन्याला तू तिला बसने खडकवासल्याला न्यायचास, धरणाचं पाणी कुठवर आलं ते बघायला. ती वहीत लिहायची. पावसाने बस रद्द झाली तरी रिक्षा करून आलास तू. हे सगळं खोटं होतं असं मी म्हणत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. लबाड माणसावर पाणी सोडता येतं. तुझ्यावर कसं सोडू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मला एवढंच कळत नाही, की माझ्या ओट्याजवळ एक बोलणारा माणूस टेबलाशी बसून दुसरं कसं लिहितो? तुमच्यात तसं शिकवतात का? खरं माणूस दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवायचं आणि मग आत जायचं? की ते रद्दीचं वाक्य लिहिलं असतं तर तुझी पुढची अठरा पानं पडली असती, हे तुला दिसलं होतं?

मला वाटतं, दिसलं होतं. कारण दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, मी पेज भरवत होते तेव्हा तू विचारलंस, "सुलू माझ्यावर रागावलेली नाही ना?" मी म्हटलं, "ती कशाला रागावेल? गप पड, पेज पी." तू पुन्हा तोंड उघडलंस आणि मी चमचा पुढे केला. मला वाटलं, तापात बोलतोयस. तू सांगणार होतास का रे? आणि मी तुझं तोंड पेजेने बंद केलं? तसं असेल तर तेवढी चूक माझी, मी मान्य करते. पण त्याआधीची पंचवीस वर्षं काही तू पेज पीत नव्हतास.

आता इथली परिस्थिती अशी आहे. पंचवीस प्रतींच्या घड्या झाल्या, शिवण अडली. सुलू म्हणते, पान गळलेलं पुस्तक आपण बांधत नाही. खरंच आहे, आयुष्यभर मीच तिला तसं शिकवलं. बुधवारपासून ती पान शोधते आहे. सगळे गठ्ठे उलगडून झाले, आकडे तपासून झाले. आकडे सलग आहेत, तर म्हणाली, आकडे नंतर घातले असतील. तुझा इंग्रजी प्रबंध कपाटातून काढून भिंग लावून त्यातला एकेक शब्द अश्विनीला फोनवर वाचून दाखवला. अश्विनीने मीटिंग सोडून अर्थ सांगितला.

"सुलूताई, एवढंच आहे गं. बाबांनी एवढंच लिहिलंय."

"नाही. मामा अर्धं लिहीत नाही. त्याला सगळं ठाऊक होतं, तो तिथे होता."

"ताई, कधीकधी माणसं..."

"हस्तलिखित शोध. त्यात असेल."

अश्विनी रडायला लागली. सुलूने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "तू आधी रड. मी फोन धरून थांबते." आणि थांबली, कानाला लावून, चांगली दहा मिनिटं.

माझ्या डोळ्यांसमोर झालं हे, दिगू. आता याला चांगुलपणा म्हणायचं की शिस्त, ते तुम्ही तिथे सभा भरवून ठरवा.

तुझ्यासाठी तिने हस्तलिखित हुडकायला लावलंय. तू सोडलंस असं तिच्या मनात येतच नाही. ती भाषांतर करणाऱ्या बाईंना दोष देते, छापखान्याला देते, काल तर वाऱ्याला दिला, की खिडकीतून कागद उडाला असेल. सगळ्यांना देऊन झाला, तुझा नंबर येत नाही. आणि दर वेळी माझ्याकडे बघते, कारण मी म्हणाले होते, "हो, गळलं असेल."

मी चार दिवस गप्प बसले. आधी वाटलं, राहू दे. तिला एकच मामा होता, तो तिच्याजवळ अख्खा राहू दे. मी अजून किती वर्षं? मग वाटलं, म्हणजे मी तेच करतेय जे तू केलंस. तिच्याबद्दलचं खरं आपण दोघांनी जाणायचं आणि तिच्यापुढे अर्धं ठेवायचं, कारण तिला काय झेपेल ते आपण ठरवलंय. तू इंग्रजीत केलंस, मी मेथी निवडताना. फरक तेवढाच.

म्हणून तुला वचन देते. उद्या सकाळी चहा झाला की मी तिला सांगणार आहे, की पान गळलं नाही, मामाने ते लिहिलंच नाही. आई खोटं बोलली, हेही सांगेन. तिने का विचारलं तर मला माहीत नाही म्हणेन, कारण खरोखरच माहीत नाही. तुझी बाजू मी मांडणार नाही. आजवर जगापुढे पुष्कळ मांडली, कौतुकाने मांडली, आता माझ्याच्याने होणार नाही. तुझ्याविरुद्धही बोलणार नाही. ती पंचवीस पुस्तकं बांधायची, की तशीच अश्विनीला परत करायची, की त्यांत स्वतःचं काही लिहून घालायचं, ते सुलू ठरवेल. अश्विनीला मी तसं कळवलं आहे. ती म्हणाली, कार्यक्रम पुढे ढकलावा लागला तरी चालेल. पोरगी गुणी निघाली तुझी.

मला भीती वाटते. सुलू रडणार नाही, ओरडणार नाही. ती एकदा मान हलवेल आणि मग कधीच तुझं नाव घेणार नाही, असं होऊ शकतं. किंवा एवढंच म्हणेल की बरं, आणि खळ कालवायला घेईल. चव्वेचाळीस वर्षं मी तिची आई आहे आणि उद्या सकाळी ती काय करेल, मला सांगता येत नाही. बघ, मलाही दुसऱ्याचं मन कळत नाही.

गिरणीचा आवाज थांबला, म्हणजे ती येईलच.

आईच्या पाया पडते म्हणून सांग. अप्पांना, ह्यांना नमस्कार. आणि तुला स्वतःला तिला काही सांगायचं असेल, तर लवकर लिही, दिगू. मला नको लिहूस, तिला लिही. साध्या मराठीत लिही आणि जे झालं ते सगळं लिही. चहा साडेसहाला होतो.

तुझी,
अक्का